टेनर कमी पडतात

इटलीतल्या त्रिएस्ते शहराच्या डोक्यावर कार्स्टचं खडकाळ पठार आहे. तिथल्या एका गावातल्या स्लोव्हेन सांस्कृतिक मंडळाची तालीम खुर्च्या लावण्यापासून सुरू होते. लवकर येईल त्याने लावायच्या, असा अलिखित नियम. त्यामुळे कोणी लवकर येत नाही.

संचालिका ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी धरतात, सूर देतात आणि चारही आवाज वेगवेगळे घोटून घेतात. खरा वेळ खातात ते उच्चार. नव्या मुलांपैकी बरीचशी घरी इटालियन बोलणारी. शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘ल’ ती सरळ ‘ल’च गातात, तिथे ओठ गोल करून ‘उ’सारखा आवाज निघायला हवा. बाई थांबवतात, म्हणून घेतात, पुन्हा थांबवतात. तेवढ्यात बेसमधले आजोबा गप्पांना लागतात आणि बोलणी खातात.

अशा गाण्याची एकेकाळी धास्ती घेतली गेली होती. 13 जुलै 1920 रोजी फॅसिस्टांनी त्रिएस्तेतलं ‘नारोद्नी दोम’ हे स्लोव्हेन लोकांचं सांस्कृतिक भवन जाळलं. माक्स फाबियानीने आखलेल्या त्या इमारतीत नाट्यगृह होतं, बँक होती, हॉटेलही होतं. पुढे स्लोव्हेन मंडळांवरच बंदी आली. डिसेंबर 1936 मध्ये गोरित्सियाजवळ लोय्झे ब्रातुझ या गायकवृंद चालवणाऱ्या संगीतकाराला फॅसिस्टांनी जबरदस्तीने मोटारीचं तेल पाजलं. फेब्रुवारीत तो गेला.

मधल्या सुट्टीत मात्र विषय निघतो अर्जांचा. 2001 च्या 38 क्रमांकाच्या कायद्याने स्लोव्हेन अल्पसंख्याकांना संरक्षण दिलं, सरकारी निधीची वाट मोकळी केली, आणि निधी म्हटला की हिशेब, पावत्या, सह्या आल्याच. खजिनदार कॉफीच्या कपाशेजारी कागद पसरतात. वर स्लोव्हेनांच्या शिखर संघटना दोन: 1954 ची डावीकडे झुकलेली, 1976 ची मुख्यतः कॅथलिक वळणाची. एवढ्याशा समाजाला दोन कशाला, हा प्रश्न परदेशातलं एखादं महाराष्ट्र मंडळ जवळून पाहिलेला माणूस विचारणार नाही.

सुट्टीनंतर उरलेलं गाणं नीट बसलं. अडलं ते टेनरपाशी: पुरुषांमधला हा उंच आवाज कमी पडत होता. ‘प्रिमोर्स्का पोये’ या 1970 पासूनच्या समूहगान महोत्सवात सीमेच्या दोन्ही बाजूंचे वृंद गातात, त्यामुळे ओळखी भरपूर. बरीच घासाघीस झाली आणि स्लोव्हेनियातल्या शेजारच्या वृंदाकडून दोघे उसने मागायचं ठरलं. त्यांच्या पेट्रोलचा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा, यावर खजिनदार अजून अडून बसले आहेत.