गाडीच्या हौद्याला लेप

धानाची मळणी झाली की तिरोड्याच्या राइस मिलपुढे छोट्या मालवाहू गाड्या येऊन उभ्या राहतात. कोणी त्यांना पिकअप म्हणतो, कोणी छोटा हत्ती म्हणतो. पूर्वी हे काम बंडी करायची. बंडीचा तळ लाकडाचा. फळी झिजली तर सुतार नवी फळी ठोकून द्यायचा. पिकअपचा तळ पत्र्याचा असतो. लोखंडी पत्रा, त्याला काय होणार, असे आपल्याला वाटते. पण पत्र्याला एक रोग होतो. बोलताना आपण त्याला जंग म्हणतो. पुस्तकात गंज लिहितात.

गाडीच्या ज्या उघड्या भागात माल भरतात, त्याला हौदा म्हणतात. मागे उघडझाप करायला असतो तो फाळका. हा हौदा काय काय सोसतो ते पहा. सकाळी त्यात रेती भरली. फावड्याने ओढून रेती खाली केली. दुपारी कोळशाच्या राखेच्या विटा आल्या. संध्याकाळी खताची पोती आली, त्यातले एक फाटके होते. दुसऱ्या दिवशी बाजाराला शेळ्या नेल्या. वरून पावसाळ्याचे चार महिने.

पत्र्यावर कारखान्यातून आलेला रंग असतो. तो फार तर केसाएवढा जाड. रेतीने तो घासला जातो, विटेच्या कोपऱ्याने खरवडला जातो. मग उघड्या लोखंडाला पाणी आणि हवा मिळते. लोखंड, पाणी आणि हवा, ही तीन एकत्र आली की गंज होतो. तिघांपैकी एक जरी दूर ठेवले, तर गंज होत नाही. पाण्यात मीठ किंवा खार असला तर गंज जास्तच वेगाने धावतो. पोटॅश खत हे एक प्रकारचे मीठच आहे. म्हणून खत सांडलेला हौदा धुतल्याशिवाय ठेवू नये.

जर्मनच्या भांड्यावरसुद्धा हवेने एक थर चढतो. पण तो थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो फुगतो, त्याचे पोपडे निघतात. पोपडा निघाला की खालचे नवे लोखंड उघडे पडते. तेही गंजते. असे होत होत पत्र्याला आरपार भोक पडते.

गाडी बहुतेकांची कर्जाची असते. बँकेचे हप्ते सुरू असतानाच तळाला भोकं पडली, तर हप्ता कमी होत नाही. वेल्डिंगचा खर्च वर बसतो. गाडी विकायला काढली तर घेणारा आधी वाकून हौद्याचा तळ बघतो आणि भाव पाडतो.

म्हणून आता हौद्याला लेप मारण्याची एक रीत निघाली आहे. हा साधा रंग नाही. फवाऱ्याने पत्र्यावर रबरासारखा जाड थर बसवतात. थर सुमारे तीन मिलिमीटर जाड असतो, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढा. वाळल्यावर तो पत्र्याचाच होऊन जातो. त्याला सांधा नसतो. त्यामुळे पाण्याला आत शिरायला वाट राहत नाही. वरून तो खरखरीत असतो. वळणावर पोती सरकत नाहीत. लोखंडी वस्तू पडली तर आवाजही कमी येतो.

हा लेप कशाचा असतो? दोन पातळ रसायने दोन वेगळ्या पिंपांत असतात. यंत्र दोन्ही गरम करते आणि जोराने नळीतून ढकलते. फवाऱ्याच्या तोंडाशी दोन्ही एकमेकांना भेटतात. भेटताच त्यांचे घट्ट होणे सुरू होते. काही प्रकार तर थोड्या सेकंदांतच बसतात. या पदार्थाचे नाव पॉलियुरेथेन. याच्याच जवळच्या दुसऱ्या प्रकाराला पॉलियुरिया म्हणतात. जर्मनीत ओटो बायर नावाच्या शास्त्रज्ञाने 1937 साली पॉलियुरेथेन बनवण्याची रीत शोधली. आपल्या घरात फोमची गादी असेल, तर तीही बहुधा याच कुळातली. गादी मऊ आणि लेप चिवट, हे कसे? तर गादीत मुद्दाम बुडबुडे आणतात. लेपात बुडबुडे येऊ द्यायचे नाहीत.

ही बुडबुड्यांची गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. यातल्या एका रसायनाला पाणी लागले, की त्यातून वायू निघतो. वायू निघाला की बुडबुडे होतात. बुडबुड्यांचा लेप पोकळ असतो आणि सुटतो. म्हणून पत्रा ओला असेल, त्याला दव आले असेल, तर लेप मारू नये. आषाढ-श्रावणात उघड्या अंगणात कोणी हे काम करून देतो म्हणाला, तर त्याला हात जोडावेत. दिवाळीनंतर कोरडी हवा पडते. ते दिवस या कामाला बरे. पण तेव्हा धानाची वाहतूक असते आणि गाडी उभी ठेवणे परवडत नाही, हेही खरे. उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी, हे काम उरकून घेतलेले सोयीचे.

आता मुख्य गोष्ट. लेप किती टिकेल, हे लेपावर कमी आणि लेपाखालच्या सफाईवर जास्त ठरते. घरात सारवण करताना आपण काय करतो? उखडलेली जमीन आधी खरवडतो, खड्डे बुजवतो, चोपतो, मग सारवतो. धुळीवर सारवले तर दोन दिवसांत पापुद्रे निघतात. हौद्याचेही तसेच. गंजावर लेप मारला तर लेप गंजाला चिकटतो, पत्र्याला नाही. वरून काळा कुळकुळीत दिसतो. आत गंज आपले काम करत राहतो. आधी भोक दिसत तरी होते. आता ते झाकले जाते, एवढाच फरक.

गाडीवाला आणि मिस्त्री यांचे बोलणे साधारण असे होते:

“मिस्त्रीभाऊ, किती वेळ लागेल?”

“फवारा मारायला तासभर, भाऊ. पण आधीच्या कामाला अख्खा दिवस जाईल.”

“आधीचं कसलं काम? धुऊन तर आणली गाडी.”

“पाण्यानं धुतली. तेल, ग्रीस पाण्यानं निघते काय? ते औषधानं पुसावं लागते. हुक, कड्या काढाव्या लागतात. गंज तारेच्या ब्रशनं, मशीननं घासून पत्रा चमकेपर्यंत न्यावा लागते. जुना रंग जिथं चांगला आहे, तोही पॉलिश पेपरनं खरखरीत करतो. गुळगुळीत रंगावर लेप धरत नाही.”

“आणि हे कोपऱ्यातलं भोक?”

“ते वेल्डिंगवाल्याकडून आधी बुजवून आणा. उघड्या लोखंडावर मी प्रायमर मारतो. मग फवारा.”

“पाणी जायची भोकं बुजतील ना त्यात?”

“ती कागद-पट्टी लावून मोकळी ठेवतो. ती बुजली तर हौद्याचं टाकं होईल.”

असे बोलणारा मिस्त्री भेटला तर काम त्याच्याकडे द्यावे. “आणा गाडी, दोन तासांत नेऊन टाका” असे म्हणणारा स्वस्त पडतो, पण त्याच्या कामातून काय निघते ते पुढच्या पावसाळ्यात कळते.

मोबदला चौरस फुटावर ठरत असेल, तर मोजमाप स्वतः करा. हिशेब अवघड नाही. समजा, हौदा 9 फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. 9 गुणिले साडेपाच म्हणजे साडेएकोणपन्नास, सुमारे 50 चौरस फूट. हा झाला तळ. आता बाजू. दोन लांब बाजूंचे 18 फूट, दोन आखूड बाजूंचे 11 फूट, मिळून 29 फूट. उंची सव्वा फूट असेल तर 29 गुणिले सव्वा म्हणजे सुमारे 36 चौरस फूट. सगळे मिळून 86. कोणी 120 सांगितले, तर टेप पुढे करावा. एवढ्या हौद्यावर तीन मिलिमीटर लेपाचे वजन 25 किलोच्या आसपास भरते. म्हणजे सिमेंटचे अर्धे पोते गाडीवर कायमचे बसले असे समजा.

पावती घ्या आणि खिशात घालण्याआधी वाचा. वाचायला शिकलो ते अशाच वेळी उपयोगी पडते. रसायनाचे नाव, लेपाची जाडी, किती चौरस फूट, हमी किती वर्षांची आणि लेप सुटला तर काय करणार, एवढे तरी पावतीवर असावे. नुसते “हौदा काम” असे लिहिलेली पावती भांडणाच्या वेळी कामाची नाही.

आता धोक्याचे सांगतो. हे मी फार गंभीरपणे सांगतो.

वाळलेला लेप निरुपद्रवी असतो. पण फवारा चालू असताना जे तुषार उडतात, ते छातीत जाणे वाईट. त्या दोन रसायनांपैकी एक आयसोसायनेट या गटातले असते. भोपाळला 1984 साली डिसेंबरच्या 2 आणि 3 तारखेच्या मधल्या रात्री जो वायू सुटला आणि हजारो माणसे मेली, तोही याच गटातला होता. लेपातले रसायन ते नव्हे. ते तसे वायू होऊन पसरत नाही. पण गरम करून फवारले की त्याचे बारीक कण हवेत तरंगतात. श्वासाबरोबर ते आत गेले तर दमा जडू शकतो. एकदा शरीराने ते मनावर घेतले की पुढे थोड्याशा वासानेही दम लागतो. त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो.

तोंडावर दुपट्टा बांधून हे कण अडत नाहीत. फवारणाऱ्याला बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, अंगभर कपडे लागतात. गाडीवाल्याने काम बघत बाजूला उभे राहू नये. पोरांना तर तिथे नेऊच नये. फवाऱ्यानंतर कोणाची छाती आवळली, खोकला थांबेना, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावे आणि कोणते रसायन होते ते डॉक्टरांना सांगावे. पिंपावरचे नाव कागदावर उतरवून ठेवले तर बरे.

दुसरा धोका वेल्डिंगचा. लेप मारलेल्या हौद्याला पुढे कधी वेल्डिंग करायचे असेल, तर त्या जागेचा लेप आधी खरवडून काढावा. पत्र्याच्या मागून वेल्डिंग केले तरी समोरचा लेप जळतो, म्हणून दोन्ही बाजू पाहाव्या. जळलेल्या लेपाचा धूर विषारी असतो. लेप कुठे आहे ते वेल्डिंगवाल्याला माहीत नसते. ते त्याला आपणच सांगायचे.

सगळ्यांनीच हा लेप मारावा काय? माझे मत विचाराल तर नाही. नवी गाडी असेल आणि तिच्यात रेती, विटा, दगड रोज भरत असाल, तर मारावा. नव्या पत्र्यावर तो सगळ्यात चांगला बसतो. गाडी जुनी असेल आणि तळ बोटाने दाबला तर लवत असेल, तर आधी पत्रा बदला. जो फक्त धानाचे कट्टे आणि भाजी नेतो, त्याला तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड आणि साधा ऑइल पेंट दर वर्षी पुरतो. खरखरीत लेपावर कट्टा ओढला तर कट्ट्याचे बूड फाटते, हेही ध्यानात घ्या.

पुष्कळ जण रबराची चटई अंथरतात. ती स्वस्त आहे, वाईट नाही. पण चटईखाली पाणी साचते आणि ते दिसत नाही. आठवड्यातून एकदा चटई काढून उन्हात टाकावी आणि तळ सुकू द्यावा. काही जण तळाला जळके ऑइल फासतात. त्याने गंज थोडा थांबतो, पण धानाला वास लागतो. शिवाय तेल मुरलेल्या पत्र्यावर पुढे कोणताही रंग किंवा लेप धड बसत नाही.

लेप मारून गाडी घरी आणली की त्याच दिवशी रेती भरू नका. हाताला कोरडा लागला तरी लेप आतून पक्का व्हायला वेळ घेतो. एक ते दोन दिवस जड माल टाळावा. नेमके किती ते मिस्त्रीला विचारून पावतीवर लिहून घ्यावे. वास पूर्ण जाईपर्यंत धान्य किंवा भाजी भरू नये. पुढे कधी पहारीने किंवा फावड्याने लेपाला चीर पडली, तर तिच्यातून पाणी आत शिरते आणि लेपाखाली पसरते. चीर लहान असतानाच मिस्त्रीकडून तेवढी जागा घासून, सुकवून पुन्हा भरून घ्यावी. काळा रंग उन्हाने थोडा फिका पडतो. त्याची काळजी नको.