शार्कचे पर : मुद्दल आणि व्याज

ऑगस्ट २००२ मधली घटना आहे. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटर अंतरावर, पॅसिफिक महासागरात, अमेरिकी नौदलाने 'किंग डायमंड २' नावाचे एक जहाज अडवले. जहाजाची तपासणी झाली तेव्हा त्यात सुमारे ६४,७०० पौंड, म्हणजे २९ टनांहून अधिक, शार्कचे पर भरलेले आढळले. ज्या माशांचे हे पर होते ते मासे मात्र जहाजावर नव्हते. हे जहाज स्वतः मासेमारी करीत नव्हते. भर समुद्रात वीसहून अधिक परदेशी मासेमारी बोटी गाठून त्यांच्याकडचे पर विकत घेण्याचे काम ते करीत होते.

मग उरलेले मासे कुठे गेले? ते समुद्रातच राहिले होते. शार्क पकडायचा, त्याचे पर कापून घ्यायचे आणि शरीर पुन्हा पाण्यात फेकून द्यायचे, या प्रकाराला 'फिनिंग' म्हणतात. हा प्रकार का होतो, तो थांबवण्यासाठी काय काय केले गेले आणि एवढे करूनही शार्कची संख्या का सावरत नाही, हे या लेखात पाहू या.

परांना एवढी किंमत का?

चिनी खाद्यपरंपरेत शार्कच्या परांचे सूप हा प्रतिष्ठेचा पदार्थ मानला जातो. पूर्वी तो राजघराण्यांच्या आणि श्रीमंतांच्या मेजवानीत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला, तसा तो लग्नाच्या आणि व्यापारी मेजवान्यांत सर्रास दिसू लागला.

गंमत अशी, की परांना स्वतःची अशी चव जवळजवळ नसतेच. पराच्या आत शेवयांसारखे दिसणारे प्रथिनांचे तंतू असतात. पाण्यात असताना पराला ताठपणा देणे हे त्यांचे काम. शिजवल्यावर ते मऊ आणि किंचित चिवट होतात. सुपाला चव येते ती त्यातल्या कोंबडीच्या किंवा डुकराच्या मांसाच्या रशामुळे. म्हणजे खाणारा किंमत मोजतो ती चवीची नव्हे, मानाची!

शार्कच्या मांसाची गोष्ट वेगळी आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्याशी समतोल राखण्यासाठी शार्कच्या रक्तात आणि स्नायूंत युरिया मोठ्या प्रमाणात साठवलेला असतो. मासा मेल्यावर जिवाणू या युरियाचे विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. मांस वेळीच साफ करून बर्फात ठेवले नाही तर त्याला उग्र वास येतो. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या बोटीच्या मालकाला हा हिशेब सोपा वाटतो. बर्फाच्या कोठारात जागा थोडी असते. ती महाग विकल्या जाणाऱ्या ट्यूना माशासाठी राखायची. शार्कचे पर दोरीवर वाळवायचे आणि बाकीचे फेकायचे.

पर गेल्यावर काय होते?

अस्थिमत्स्यांच्या, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या बहुतेक माशांच्या शरीरात हवेने भरलेला वाताशय असतो. त्यामुळे ते पाण्यात स्थिर राहू शकतात. शार्क हा कास्थिमत्स्य. त्याचा सांगाडा लवचीक कास्थीचा असतो आणि त्याला वाताशय नसतो. तेलाने भरलेल्या मोठ्या यकृतामुळे त्याचे वजन काहीसे पेलले जाते. उरलेला आधार त्याला पोहण्यातून मिळतो. पुच्छपराने तो पुढे जातो आणि पसरलेले वक्षपर विमानाच्या पंखांप्रमाणे त्याला वर उचलून धरतात. शिवाय खुल्या समुद्रातल्या अनेक जाती तोंड किंचित उघडे ठेवून सतत पोहतात, तेव्हाच त्यांच्या कल्ल्यांवरून पुरेसे पाणी वाहते आणि त्यांना प्राणवायू मिळतो.

आता पर कापलेल्या शार्कचा विचार करा. पुष्कळदा तो जिवंत असतानाच पाण्यात टाकला जातो. त्याला पोहता येत नाही. तो तळाकडे बुडत जातो आणि रक्तस्रावाने, गुदमरून किंवा इतर माशांचे भक्ष्य होऊन मरतो.

टक्के कशाचे?

हे क्रौर्य आणि ही नासाडी थांबावी म्हणून अनेक देशांनी कायदे केले. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यात एक साधा नियम होता. बोटीवरील परांचे वजन हे साफ केलेल्या, म्हणजे डोके व आतडी काढलेल्या, माशांच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त असू नये. या नियमाने 'किंग डायमंड २'चा हिशेब करून पाहा. २९ टन पर म्हणजे किमान ५८० टन साफ केलेले मासे. पर वाळलेले असतील तर हा आकडा आणखी वाढेल.

युरोपीय संघाने २००३ मध्ये याच धर्तीवर नियम केला. तिथेही ५ टक्केच. पण साफ केलेल्या माशाच्या नव्हे, तर अख्ख्या माशाच्या वजनाच्या. एका शब्दाने काय फरक पडला ते पाहा. पर हे सरासरीने अख्ख्या शार्कच्या वजनाच्या सुमारे ३ टक्के भरतात. जातीनुसार आणि कापण्याच्या पद्धतीनुसार हे प्रमाण बदलते. समजा, एका बोटीने प्रत्येकी १०० किलोचे पाच शार्क पकडले. त्यांचे पर भरले १५ किलो. बोटीवर तीनच मासे ठेवले तर त्यांचे वजन ३०० किलो आणि त्याचे ५ टक्के म्हणजे बरोबर १५ किलो! दोन मासे समुद्रात फेकले तरी कायद्याचे समाधान झाले. टक्केवारी शिकवताना 'टक्के कशाचे?' हा प्रश्न आपण मुलांना वारंवार विचारतो. त्याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

यावर उपाय म्हणून 'पर शरीराला जोडलेले असतानाच मासा बंदरात आणला पाहिजे' असा नियम पुढे आला. अमेरिकेने तो २०१० च्या कायद्याने (एका जातीच्या लहान शार्कसाठी सवलत ठेवून) आणि युरोपीय संघाने २०१३ मध्ये स्वीकारला. यात वजनाचा आणि टक्क्यांचा प्रश्नच उरत नाही. आणखी एक फायदा असा, की नुसत्या परावरून जात ओळखणे अवघड असते, अख्ख्या माशावरून ते सोपे जाते.

समुद्राचे मुद्दल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मासे तर माणूस हजारो वर्षे पकडतो आहे. मग शार्कचीच एवढी काळजी कशासाठी?

याचे उत्तर शार्कच्या जीवनक्रमात आहे. तारलीसारखा मासा साधारण वर्षभरात प्रजननक्षम होतो आणि मादी हजारोंनी अंडी घालते. त्यातली बहुतेक नष्ट झाली तरी पुढच्या हंगामात समुद्र पुन्हा भरतो. शार्कची रीत वेगळी. उदाहरणार्थ, 'डस्की' नावाच्या शार्कची मादी वयात यायला सुमारे वीस वर्षे लागतात. तिचा गर्भकाळ दीड ते दोन वर्षांचा. एका वेळी तिला साधारण ३ ते १४ पिल्ले होतात आणि दोन विणींमध्ये जवळजवळ तीन वर्षांचे अंतर असते. सगळेच शार्क इतके संथ नसतात. निळ्या शार्कला एका वेळी तीसेक पिल्ले होतात. तरीही एकूण शार्ककुळाची चाल माशापेक्षा सस्तन प्राण्याच्या जवळची आहे.

बँकेतल्या ठेवीचे उदाहरण घेऊ. समुद्रातले शार्क हे मुद्दल आणि दरवर्षी होणारी नैसर्गिक वाढ हे व्याज. फक्त व्याज काढले तर ठेव कायम राहते. २०१३ मध्ये बोरिस वर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या आकडेवारीवरून हा हिशेब मांडला. जगात वर्षाला अंदाजे १० कोटी शार्क मारले जात होते. एकूण संख्येच्या हे प्रमाण ६.४ ते ७.९ टक्के भरत होते. आणि शार्कच्या ६२ गटांची संख्या सावरण्याचा सरासरी वेग होता वर्षाला ४.९ टक्के. म्हणजे आपण व्याज तर काढत होतोच, वर दरवर्षी मुद्दलालाही हात घालत होतो.

त्याचा परिणाम पुढच्या पाहण्यांत दिसला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९७० नंतरच्या अर्धशतकात खुल्या महासागरातील शार्क आणि पाकट यांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या पाहणीत शार्क, पाकट आणि त्यांच्या नातलग जातींपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले.

बंदीनंतरचे आकडे

दरम्यान लोकमतही बदलत होते. प्रसिद्ध बास्केटबॉलपटू याओ मिंग यांनी २००६ पासून चीनमध्ये या सुपाविरुद्ध प्रचार केला. २०१३ मध्ये चीन सरकारने सरकारी मेजवान्यांतून तो पदार्थ बंद केला. मागणी खूपच घटली. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या यादीत २०१३ मध्ये तीन जातींच्या हातोडी शार्कचा, तर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत रेक्विएम शार्कच्या संपूर्ण कुळाचा समावेश झाला.

एवढे झाल्यावर मृत्यूंचे आकडे खाली यायला हवे होते. पण २०२४ मध्ये वर्म आणि सहकाऱ्यांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा उलटेच दिसले. २०१२ ते २०१९ या काळात फिनिंगविरोधी कायद्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली होती. तरीही मासेमारीत मरणारे शार्क वर्षाला किमान ७ कोटी ६० लाखांवरून ८ कोटींवर गेले होते.

असे का झाले? फिनिंगवरील बंदी 'पर वेगळे करू नका' असे सांगते, 'शार्क मारू नका' असे सांगत नाही. अख्खा मासा बंदरात आणावाच लागतो म्हटल्यावर त्याच्या मांसाला, तेलाला, कातड्याला बाजार शोधला गेला. नासाडी कमी झाली, क्रौर्यही कमी झाले. पण मुद्दलातून होणारी उचल थांबली नाही. खुल्या महासागरात काही ठिकाणी मृत्यू घटले, किनाऱ्यालगत मात्र ते वाढले. जिथे शार्क पकडण्यावर किंवा बोटीवर ठेवण्यावरच बंदी आहे, तिथे परिस्थिती तुलनेने बरी आढळली. पॅसिफिकमधील पलाऊ या छोट्या देशाने २००९ मध्ये आपला सगळा सागरी प्रदेश शार्कसाठी अभयारण्य म्हणून जाहीर केला, तो याच विचाराने.

आपल्या किनाऱ्यावर

कोकणात शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. मालवणात मोरीचे मटण आणि गोव्यात मोरीचे आंबट-तीख आवडीने खाल्ले जाते. प्राणिशास्त्राच्या अनेक शिक्षकांनी विद्यार्थिदशेत ज्या 'स्कॉलिओडॉन'चे विच्छेदन केले तीही लहान मुशीच. आपल्याकडे मासा अख्खा आणला जातो आणि खाल्ला जातो, त्यामुळे भर समुद्रातले फिनिंग हा आपला मुख्य प्रश्न नाही. भारताने २०१३ मध्ये पर जोडलेलेच ठेवण्याचे धोरण स्वीकारले आणि २०१५ मध्ये सर्व जातींच्या शार्कच्या परांची निर्यात बंद केली. चोरटा व्यापार मात्र संपला नाही. २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत शिवडी येथे आणि गुजरातेत वेरावळ येथे मिळून सुमारे आठ टन पर जप्त केले.

आपला मोठा प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात शार्क आपसूक सापडतात. मालवण परिसरात नोंदी घेणाऱ्या अभ्यासकांना अशा जाळ्यांत हातोडी शार्कची, म्हणजे कानमुशीची, लहान पिल्ले मोठ्या संख्येने आढळली आहेत. वयात येण्याआधीच मासा गेला तर त्याचे व्याज कधीच जमा होत नाही. यात मच्छीमाराला खलनायक ठरवून चालणार नाही. पिल्ले कुठे आणि कोणत्या महिन्यात जन्मतात, जिवंत सापडलेले पिल्लू परत सोडणे शक्य आहे का, याची माहिती त्याच्यापाशीच असते. तिच्याशिवाय कोणताही नियम नीट बनणार नाही.

वर्गात करून पाहा

शंभर शार्कपासून सुरुवात करा. दरवर्षी ५ टक्के वाढ आणि ७ टक्के मासेमारी, म्हणजे निव्वळ २ टक्के घट. विद्यार्थ्यांना वर्षामागून वर्ष मांडत जाऊ द्या. सुमारे ३४ वर्षांत संख्या निम्म्यावर येईल. आता मासेमारी ७ वरून ४ टक्क्यांवर आणा. वाढ होईल १ टक्का. पन्नासाचे पुन्हा शंभर व्हायला किती वर्षे लागतात? सुमारे सत्तर! मासेमारी पूर्ण थांबवली तर हेच काम सुमारे चौदा वर्षांत होते.

'किंग डायमंड २'चे पुढे काय झाले? २००८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला. फक्त पर वाहून नेणारे जहाज हे 'मासेमारी जहाज' ठरते याची पुरेशी कल्पना कायदा देत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि मालाची जप्ती रद्द झाली. ही पळवाट २०१० च्या कायद्याने बुजवली. कायद्यातली चूक अशी आठ वर्षांत दुरुस्त करता येते. डस्की शार्कची त्या वर्षी जन्मलेली मादी मात्र इतक्या काळात अजून वयातही आलेली नसते.