संगणकाच्या पोटातील मोबाइल

पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. 1916 साली सुरू झालेल्या या संस्थेत धरणांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांवर पाण्याचे प्रयोग केले जातात. प्रतिकृती ढासळली, तर थोडी माती व सिमेंट वाया जाते. खरे धरण फुटले, तर काय होते हे पुणे शहराने 12 जुलै 1961 रोजी पानशेतच्या पुरात भोगले आहे. म्हणूनच शहाणा अभियंता चूक व्हायचीच असेल तर ती प्रतिकृतीवर होऊ देतो.

मोबाइलसाठी अ‍ॅप तयार करणाऱ्यांनाही हीच सावधगिरी बाळगावी लागते. समजा, शेतकऱ्यांसाठी एक मराठी अ‍ॅप तयार केले. त्यावर एके दिवशी 'आज फवारणी करू नये' अशी सूचना आली. परंतु एखाद्या लहान पडद्यावर शेवटचा शब्द मावलाच नाही. मग शेतकरी काय वाचेल? 'आज फवारणी करू'! एका शब्दाने अर्थ उलटा होतो आणि नुकसान मात्र पिकाचे होते. मोबाइलचे प्रकार शेकडो. ते सगळे विकत घेऊन प्रत्येकावर अ‍ॅप तपासणे कोणास परवडेल? या अडचणीतून जो मार्ग निघाला, त्याचे नाव आभासी मोबाइल.

आभासी मोबाइल हाती धरता येत नाही. संगणकाच्या पडद्यावरील एक चौकट हाच त्याचा पडदा. संगणकाच्या स्मृतीचा काही भाग ही त्याची स्मृती आणि संगणकातील काही फायली ही त्याची साठवण. त्यात चालणारी अँड्रॉइड प्रणाली मात्र खरीच असते. देह कल्पित, पण कारभार खरा!

हा खेळ लिनक्सवर विशेष चांगला रंगतो. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्सचा आरंभ केला. त्याची घडण कोणालाही पाहता व सुधारता येते. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे.

परंतु येथे एक अडचण येते. बहुतेक मोबाइलच्या प्रोसेसरची भाषा निराळी आणि नेहमीच्या संगणकाच्या प्रोसेसरची निराळी. प्रत्येक आज्ञेचे भाषांतर करीत बसले, तर दुभाष्यामार्फत चाललेल्या संभाषणाप्रमाणे काम रेंगाळते. यावर उपाय असा, की संगणकाच्याच भाषेत तयार केलेली अँड्रॉइडची प्रत घ्यावी. मग दुभाष्याची गरज उरत नाही आणि आज्ञा थेट प्रोसेसरपर्यंत पोहोचतात. मात्र आभासी यंत्राने आपली मर्यादा ओलांडून मूळ संगणकात ढवळाढवळ करू नये, यासाठी पहारेकरी हवा. ते काम 'केव्हीएम' करते. 2007 साली त्याचा लिनक्सच्या गाभ्यात समावेश झाला. त्याच्या जडणघडणीत पुण्यातील अभियंत्यांचाही हातभार आहे.

आता मांडणीचा क्रम पाहू. प्रथम, संगणकाच्या प्रोसेसरमध्ये आभासी यंत्र चालवण्याची सोय आहे की नाही, हे तपासावे. सोय असूनही ती बंद असेल, तर संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायॉसमध्ये, ती चालू करावी लागते. नंतर वापरकर्त्याला केव्हीएम वापरण्याची परवानगी द्यावी. मग अँड्रॉइड स्टुडिओ हा कार्यक्रम संगणकात बसवावा. त्यातील उपकरणांच्या यादीतून मोबाइलचा नमुना निवडावा, अँड्रॉइडची योग्य प्रत उतरवून घ्यावी आणि आभासी मोबाइल सुरू करावा. यासाठी संगणकात 16 गिगाबाइट स्मृती असली, तर काम सुरळीत चालते.

या मोबाइलशी हवे तसे प्रयोग करता येतात. 18.52 अक्षांश व 73.86 रेखांश दिले, की घरात बसल्या बसल्या तो स्वतःला शनिवारवाड्यापाशी असल्याचे समजतो! बॅटरी संपत आली आहे असे त्यास भासवता येते. खोटा दूरध्वनीही करता येतो. शिवाय त्याची एखादी स्थिती जतन करून ठेवता येते. पुढे काही बिघडले, तर क्षणात त्या स्थितीकडे परतता येते. खऱ्या मोबाइलवर असे धाडस कोण करील?

तथापि प्रतिकृती ती प्रतिकृतीच. भर उन्हात अक्षरे दिसतात का, नांगराची मूठ धरून राठ झालेल्या बोटाचा स्पर्श पडद्याला कळतो का, तासभर वापरल्यावर यंत्र तापते का, या प्रश्नांची उत्तरे संगणकाच्या पोटात सापडत नाहीत. म्हणून शेवटची परीक्षा खऱ्या मोबाइलवर, खऱ्या माणसाच्या हातातच घ्यावी लागते. आभासी मोबाइलवर हजार चुका खुशाल कराव्यात. शेतकऱ्याच्या हाती पडेल तेव्हा मात्र 'नये' हा शब्द जागच्या जागी असला पाहिजे.