दुपारी दोनची शाळा

"बाई, आता आराम करा!" सेंडऑफच्या दिवशी जो तो मला हेच सांगत होता. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून २०२२ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी मी निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो, सगळं झालं. पहिला महिना मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात मात्र शाळेची वेळ झाली, की पदर खोचून मी उगाचच अंगणात येऊन उभी राहायची. सूनबाई समंजस. "आई, तुम्ही बसा, मी करते," म्हणायची. पण बसून बसून माणूस किती बसणार? गुडघे कुरकुरायला लागले, झोप उडाली, चिडचिड वाढली. हे एकदा म्हणालेच, "तू वर्गातच बरी होतीस!"

अशातच एका दुपारी शेजारच्या मावशी कागद घेऊन आल्या. "बाई, ह्याच्यावर अंगठा दिलाय, पण लिवलंय काय ते सांगा की." वाचलं आणि चरकलेच. नात्यातल्या एकाच्या कर्जाला मावशी जामीन राहिल्या होत्या आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता! पुढे ते कर्ज फिटलं म्हणून बरं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या सुप्याला कागदाचं हे दुखणं नवं नाही. १२ मे १८७५ रोजी याच गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून वह्या आणि कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे-नगर भागात पसरलं, सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. अक्षरओळख नसलेली माणसं तेव्हाही निशाणी करूनच मोकळी होत. वर्गात हा धडा किती वेळा शिकवला असेल मी! आणि माझ्या भिंतीपलीकडे मावशी अजून अंगठाच देत होत्या.

दुसऱ्या दिवशी पडवीत फळा टांगला. खुरपणीहून बाया परतल्या, की दुपारी दोनला शाळा. पाचजणी आल्या. "गवऱ्या मसणात गेल्या, आता कुठं अ, आ, ई?" असं हसतहसतच. आठवड्यात दोघी यायच्या बंद झाल्या. चूक माझीच होती. पहिलीच्या पोरांना दटावावं तसं मी त्यांना दटावत होते. एकीला तर जवळचं दिसतच नव्हतं. चाळिशीचा चष्मा लागला आणि तिची गाडी सुसाट सुटली! मग मीही पद्धत बदलली. आधी स्वतःचं नाव, मग लेकरांची, मग एसटीची पाटी, बाजाराचा हिशेब आणि बँकेची स्लिप.

उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी राज्यभर झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. मावशी नातीचं पेन घेऊन बसल्या. पास झाल्या, तेव्हा पेढा आधी मला भरवला. परवा बचत गटात कुणी म्हणालं, "मावशी, करा पटकन सही." तर म्हणतात कशा, "थांबा की! आधी वाचू द्या."

मैत्रिणींनो, या कामाचा एक पैसाही मिळत नाही. पण दोन वाजता कुणीतरी माझी वाट बघतंय, हे औषध मला लागू पडलं. मुरबाडजवळच्या फांगणे गावात २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरली, ती काही मोठ्या भांडवलावर नाही. तुम्ही नर्स असाल, ग्रामसेविका असाल, शिवणकाम शिकवलं असेल; तुमच्याजवळचं कुणाला तरी हवंच असतं. फक्त वेळ ठरवा, घरच्यांना विश्वासात घ्या आणि झेपेल तेवढंच अंगावर घ्या. बाकी गुडघे माझे अजूनही दुखतात हो. पण दोन वाजले, की त्यांच्याकडे बघायला मला सवड कुठे असते?