जीभ : पोषणाचा आरसा

रोग्याची नाडी पाहिल्यावर त्यास जीभ दाखविण्यास सांगावे, हा वैद्य-डॉक्टरांचा प्रघात फार जुना आहे. त्यास सबळ कारण आहे. जिभेच्या पृष्ठभागावरील पेशी सतत झिजत असतात व थोड्याच दिवसांत त्यांची जागा नव्या पेशी घेतात. या नवनिर्मितीस लोह व जीवनसत्त्वे लागतात. आहारात त्यांचा तुटवडा पडला की त्याची खूण जिभेवर उमटते.

निरोगी जीभ गुलाबी, ओलसर व सूक्ष्म अंकुरकांमुळे किंचित खरखरीत असते. लोह कमी पडल्यास ती फिकट दिसते. ब-१२ जीवनसत्त्व किंवा फोलिक आम्ल यांच्या अभावी अंकुरक झिजून ती लाल, गुळगुळीत व हुळहुळी होते.

जिभेच्या साक्षीने एका भयंकर रोगाचे कोडे उलगडले. तो रोग म्हणजे पेलाग्रा. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात, मुख्यतः मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांत तो फैलावला होता. रोग्याची त्वचा काळवंडे, जीभ लालभडक होऊन सोलवटे, अतिसार जडे व शेवटी बुद्धिभ्रंश होई. पुष्कळांस तो सांसर्गिक रोग वाटे. १९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी संशोधन हाती घेतले आणि दोष जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे दाखवून दिले. तशाच आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना ‘काळी जीभ’ हा विकार होई. १९३७ साली कॉनरॅड एल्वेहेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन तो बरा केला. लवकरच त्याच द्रव्याने माणसेही बरी होऊ लागली. गोल्डबर्गर मात्र १९२९ सालीच निवर्तले होते.

आपल्या दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांतही हा रोग आढळे. हैदराबादचे डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. भाकरीच्या जोडीस डाळ, दूध व शेंगदाणे असावेत, ते याचसाठी.

तथापि जिभेवरील प्रत्येक बदल रोगाचा नसतो. पांढरा थर बहुधा मृत पेशी, जंतू व अन्नकण यांचा असतो. नकाशासारखे सरकते चट्टेही सहसा निरुपद्रवी असतात. परंतु न पुसला जाणारा पांढरा चट्टा, गाठ किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास, तो दुखत नसला तरी, डॉक्टरांस अवश्य दाखवावा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर हयगय मुळीच करू नये. कारण कर्करोगाचा आरंभ असाच होऊ शकतो. जीभ सूचना देते. निदान तपासणीनेच होते.