विरूपण आणि रूपांतरित खडक : धसई व भंडारा

धसईजवळील सह्याद्रीचे थर जवळजवळ आडवे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला हा बेसाल्ट पर्वतनिर्मितीच्या दाबाने दुमडलेला नाही. म्हणून विरूपणाचा परिणाम अभ्यासण्यासाठी नागपूर-भंडारा भागातील सौसर संघाकडे वळावे लागते. तेथील गाळाचे खडक प्राचीन पर्वताच्या मुळाशी गाडले जाऊन तापले व दुमडले. उष्णता आणि दाब यांमुळे नवी खनिजे घडली. विरूपणाने अभ्रकाचे पापुद्रे एका दिशेत रचून पानापानांनी सुटणारा सुभाजा घडविला. भेगांतून द्रव वाहिल्याने खनिजांतील बदलही शीघ्र होतात. पुढे भूकवचाचे उत्थान व दीर्घ झीज यांमुळे हे खडक उघडे पडले. तेथील मँगॅनीजचे थर काही ठिकाणी घड्यांच्या वळणांवर जाड झाले असल्याने घड्यांचे ज्ञान खाणकामासही आवश्यक ठरते.