बी.एस्सी., एलएल.बी. आणि मारूबिहाग

सेंट्रल एव्हेन्यूवर अग्रसेन चौकात मेट्रोतून उतरून गांधीबागेच्या गल्लीत शिरा. कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, हमाल आणि हॉर्न यांतून अंग चोरतच पुढे जावं लागतं. ठोक कापड बाजार तो. इथे गाण्याचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पण याच दुकानांच्या वरच्या मजल्यांवर घरं आहेत आणि त्या घरांत तुमच्यासारखी मुलंमुली आहेत. कोणी बी.कॉम.ला, कोणी नीटच्या दुसऱ्या खेपेला बसलेलं. त्यांतल्या एखाद्याच्या मोबाइलमध्ये तानपुऱ्याचं अ‍ॅप असतंच. विशारदची परीक्षा जवळ आली की ते सकाळ-संध्याकाळ सुरू असतं. आणि मग लग्नात भेटलेले एखादे काका पंगतीत शेजारी बसून विचारतातच, ‘गाणं-बिणं ठीक आहे बेटा, पण पुढे काय करून राहिली?’

प्रश्न काकांचा आहे म्हणून हसून सोडून देऊ नका. तो तुमचाही आहे, आणि रात्री अकरानंतर तो जरा जास्तच मोठा होतो. डिग्री की गाणं? दोन्ही केलं तर दोन्हीकडे अर्धवट राहणार का? पोट कशावर भरणार?

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. या शहरात शंकरराव सप्रे नावाचे एक गुरुजी होते. विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य. त्यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात शिकलेल्या मुलांपैकी दोघांची नावं तुम्हाला नक्की माहीत आहेत. एक चितळकर, म्हणजे पुढे हिंदी सिनेमा गाजवणारे सी. रामचंद्र. दुसरे वसंतराव देशपांडे, सिव्हिल लाइन्समधल्या ज्या सभागृहात तुमच्या कॉलेजचे कार्यक्रम होतात त्याला ज्यांचं नाव आहे ते. मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मलेल्या वसंतरावांनी पोटासाठी काय केलं? लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी. थोडीथोडकी नाही, दोन तपं. ‘कट्यार काळजात घुसली’ मधले खाँसाहेब रंगमंचावर आले १९६७ मध्ये, नोकरीतून बाहेर पडल्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. आज आपण ‘त्यांनी दोन्ही सांभाळलं’ असं कौतुकानं म्हणतो. त्या दोन तपांत किती मैफली झाल्या नसतील, त्याचा हिशेब मात्र कोणत्याही खात्यात नाही.

पण आज मला तुम्हाला दुसऱ्या एका व्यक्तीबद्दल सांगायचंय, कारण तिची वाट आजच्या कॉलेजवाल्यांच्या वाटेच्या अधिक जवळ जाते. डॉ. प्रभा अत्रे. गायिका म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. त्या विज्ञानाच्या पदवीधर होत्या, कायद्याच्या पदवीधर होत्या आणि विद्यापीठातून निवृत्त झालेल्या प्राध्यापक होत्या, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

पुण्यात १३ सप्टेंबर १९३२ ला त्यांचा जन्म झाला. गायकांचं घर नव्हे. वडील आबासाहेब, आई इंदिराबाई, दोघांचाही गाण्याशी व्यवसाय म्हणून संबंध नाही. मग गाणं घरात आलं कसं? तर आईची तब्येत बरी नसायची. कोणीतरी सुचवलं, गाणं शिका, बरं वाटेल. म्हणून पेटी आणि शिकवणी सुरू झाली. आईनं चार-पाच धड्यांतच ते सोडलं. शेजारी बसून ऐकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीनं ते धरलं, आणि मग ऐंशीहून जास्त वर्षं सोडलं नाही.

पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने गुरू म्हणून लाभले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे ते पुत्र. १९५३ मध्ये सुरेशबाबू गेले तेव्हा प्रभाताई विशीच्या होत्या. म्हणजे तुमच्याच वयाच्या. या वयात गुरू जाणं म्हणजे काय, ते ज्यानं एखाद्या शिक्षकाचं बोट धरून काही शिकलंय त्यालाच कळेल. मग सुरेशबाबूंच्या भगिनी हिराबाई बडोदेकर यांच्याकडे शिक्षण सुरू राहिलं. हिराबाई म्हणजे ज्यांनी बाईनं तिकीट लावून जाहीर मैफल करण्याची वाट पाडली, त्या. आणि या सगळ्याच्या जोडीला काय चालू होतं? फर्ग्युसन कॉलेजात बी.एस्सी. त्यानंतर कायद्याची पदवी.

इथे थांबू या थोडं. कारण ही गोष्ट सांगितली की घरातले लोक दोन गटांत विभागले जातात. आईबाबा म्हणतात, ‘बघ, आधी डिग्री घेतली की नाही?’ आणि तुम्ही म्हणता, ‘बघा, डिग्री घेऊन शेवटी गाणंच केलं की नाही?’ मला विचाराल तर दोघंही चुकताय. प्रभाताईंनी वकिली केली नाही, प्रयोगशाळेतही गेल्या नाहीत, म्हणून ती वर्षं पाण्यात गेली असं वाटतं. पण त्यांचं पुढचं काम नीट पाहिलं तर ती वर्षं जागोजागी सापडतात. साक्षीपुरावा मागायची सवय आणि ‘असं का?’ विचारायची सवय, दोन्ही त्यांच्या गाण्याच्या विचारात उतरल्या.

उदाहरण देते. राग कोणत्या वेळी गायचा, याचं एक पक्कं वेळापत्रक आपल्याकडे मानतात. भैरव सकाळी, यमन संध्याकाळी, मालकंस रात्री. क्लासमध्ये हे पाठच करून घेतात. प्रभाताईंनी प्रश्न विचारला की स्वरांमध्ये असं काय आहे, ज्यामुळे ते घड्याळाला बांधले गेलेत? ही परंपरेनं आणि सवयीनं तयार झालेली जोडी आहे, की रागाचा अंगभूत गुण? आणि त्या वेळेच्या बंधनाच्या विरोधात उभ्या राहिल्या. जाहीरपणे, लेखांतून, व्याख्यानांतून. अनेकांना ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण तुम्ही त्यांच्याशी वाद घालू शकता, कारण त्यांनी कारणं दिली. ‘आमच्या घराण्यात असंच आहे’ एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत.

दुसरं उदाहरण तर थेट पीएच.डी.चं. विषय, सरगम. तुम्ही म्हणाल, सा रे ग म तर पहिल्या इयत्तेतल्या मुलाला येतं, त्यावर कसली डॉक्टरेट? सांगते. गायक राग मांडतो तेव्हा त्याच्याकडे काही साधनं असतात. नुसत्या आकारात आलाप करता येतो. बंदिशीचे शब्द घेऊन खेळता येतं. आणि स्वरांची नावंच उच्चारत गाता येतं, ही सरगम. पहिल्या दोन गोष्टींना मान होता. तिसरीकडे बरेच जण नाक मुरडायचे. स्वरांची नावं काय, ती वहीत लिहायची, मैफिलीत कशाला? कर्नाटक संगीतात मात्र स्वरोच्चार करत विस्तार करणं ही पूर्वापार चालत आलेली गोष्ट. अब्दुल करीम खाँसाहेब दक्षिणेत वावरले, तिथलं संगीत त्यांनी कानांत भरून घेतलं आणि सरगम त्यांच्या गाण्यात आली. नंतर अमीर खाँसाहेबांनी तिला वेगळाच डौल दिला. प्रभाताईंनी हे सगळं अभ्यासलं आणि मांडलं की सरगम हे स्वतंत्र सौंदर्य असलेलं गाण्याचं साधन आहे, ते नोटेशनचं वाचन नव्हे. आणि नुसतं मांडलं नाही, आयुष्यभर तशी सरगम गाऊन दाखवली. थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्ही एकाच व्यक्तीचं. सायन्सवाल्यांना हे जास्त आवडेल.

नोकरी? केली की. आकाशवाणीत सहायक निर्माती म्हणून. संगीत नाटकांतही काही काळ भूमिका केल्या. ‘शारदा’, ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’. कथ्थकचं रीतसर शिक्षण घेतलं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची पाश्चात्त्य संगीताची परीक्षाही दिली. म्हणजे आपण ज्याला हल्ली ‘प्रोफाइल’ म्हणतो ती चांगली भरगच्च होती. पण ही भरती लिंक्डइनवर टाकण्यासाठी नव्हती, एवढंच.

मग आलं प्राध्यापकपद. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात १९७९ ते १९९२ त्या संगीताच्या पदव्युत्तर विभागाच्या प्रमुख होत्या. विद्यापीठात गाणं शिकवणं ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. घरी गुरूकडे शिकताना वेळ मोजत नाहीत. एक षड्ज लागेपर्यंत महिना गेला तरी चालतं. विद्यापीठात टाइमटेबल असतं, अटेन्डन्स असतो, परीक्षा असते. आणि समोर एक नाही, वर्गभर मुली. कोणाचा आवाज उंच, कोणाचा खालचा. सगळ्यांना एका पट्टीत गायला लावलं तर निम्म्यांचे गळे बिघडणार. ‘विद्यापीठातून गवई तयार होत नाहीत’ हे वाक्य तेव्हाही म्हटलं जायचं, आजही म्हणतात. ते बरंचसं खरंही आहे. पण विद्यापीठातून जाणकार ऐकणारे, शिकवणारे, लिहिणारे तयार होऊ शकतात, आणि त्यांच्याशिवाय गवयांनी गायचं कोणासमोर? प्रभाताईंच्या एका इंग्रजी पुस्तकाचं नावच मुळी ‘एनलाइटनिंग द लिसनर’ आहे. सगळं लक्ष ऐकणाऱ्याकडे.

१९९२ मध्ये वयाच्या साठीत त्या विद्यापीठातून बाहेर पडल्या. आपल्याकडे निवृत्त प्राध्यापक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सकाळचं फिरणं, पेपर, नातवंडं, अधूनमधून बक्षीस समारंभाचे प्रमुख पाहुणे. इथे तर खरं काम तेव्हा सुरू झाल्यासारखं दिसतं. पुण्यात ‘स्वरमयी गुरुकुल’ उभं राहिलं, जिथे घरातली तालीम आणि वर्गातली शिस्त या दोन्ही गोष्टी एकत्र आणायचा प्रयत्न होता. स्वतःच्या शेकडो बंदिशी पुस्तकांत आल्या. १८ एप्रिल २०१६ ला, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, दिल्लीत एकाच मंचावरून त्यांची ११ पुस्तकं प्रकाशित झाली. सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता वर्षानुवर्षं त्यांच्या गाण्यानं होत राहिली. पद्मश्री १९९०, पद्मभूषण २००२, पद्मविभूषण २०२२. शेवटचा सन्मान नव्वदीच्या उंबरठ्यावर. १३ जानेवारी २०२४ ला पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या कार्यक्रमासाठी मुंबईला निघण्याच्या बेतात होत्या.

आता जरा मघाच्या त्या आईकडे परत जाऊ. गाण्यानं तब्येत सुधारेल म्हणून शिकवणी लावली होती, आणि आईनं ती सोडली. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आजकाल रील्सवर ‘हा राग ऐका, डिप्रेशन पळेल’ असली औषधं फार विकली जातात. रियाजानं श्वास लांबतो, मन एका जागी बसतं, वर्गात चार माणसं भेटतात, हे खरं. परीक्षेच्या आदल्या दिवशी अर्धा तास खर्जात सा लावून पाहा, फरक कळेल. पण झोप उडालीय, जेवण जात नाही, जगण्यातलाच रस गेलाय, अशा अवस्थेत तानपुरा हा उपचार नाही. तिथे समुपदेशक लागतो, डॉक्टर लागतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ वर फोन करा, दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, स्वतःसाठी नाही तर मित्रासाठी.

गाण्याच्या मास्तरांना मात्र एक गोष्ट इतरांच्या आधी कळते. समोर बसून गाणाऱ्याचा श्वास कुठे तुटतोय, नेहमीची पट्टी आज का चढत नाही, हे त्यांना ऐकू येतं. चाळीस मुलांच्या लेक्चरमध्ये मागच्या बाकावर लपता येतं, तानपुऱ्यासमोर नाही. म्हणून एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी क्लास संपल्यावर ‘थांब जरा, काय झालंय?’ असं विचारलं, तर ‘काही नाही सर’ म्हणून चप्पल घालू नका.

आणि काकांचा प्रश्न? त्याचं एकच एक उत्तर नाही. वसंतरावांचं वेगळं, प्रभाताईंचं वेगळं. प्रभाताईंना पुण्यासारखं शहर मिळालं, शिकू देणारे आईवडील मिळाले, ऐन वयात मोठा गुरू मिळाला; हे सगळं प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हेही मान्य करायला हवं. पण आज तुमच्याकडे त्यांचं गाणं आहे, फुकट, खिशात.

कुठून सुरुवात करायची तेही सांगते. आधी मारूबिहाग, ‘जागू मैं सारी रैना’. बंदिश त्यांचीच. मग कलावती, ‘तन मन धन’. तीही त्यांचीच. कलावतीत रिषभ आणि मध्यम नाहीत, पाचच स्वर. म्हणून नवख्या कानालाही राग लवकर ओळखता येतो. सरगम सुरू झाली की बोटांवर मोजा, सा ग प ध नी, सहावा सापडतो का बघा. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात तानपुरा गायबच होतो. इयरफोन लावा. गांधीबागेतून जाताना मात्र काढून ठेवा, मागून हातगाडी येत असते.